हलकं फ्लायव्हील, जड फ्लायव्हील

मंडळी, आजचा विषय जरा लोखंडी आहे. गाडी म्हणजे सेल मारला की सुरू होणारी आणि पेट्रोल संपलं की बंद पडणारी वस्तू, एवढीच ज्यांची ओळख आहे त्यांनीही घाबरू नये. गणित आहे, पण गुणाकार-भागाकारापुरतंच. आणि मधे बिडाचा तवाही येणार आहे.

विषय आहे फ्लायव्हील. पाठ्यपुस्तकी मराठीत याला प्रचक्र म्हणतात, पण त्या नावाने एखाद्या गॅरेजात विचारलंत तर मेस्त्री तुमच्याकडे दयेने बघेल. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, बोल्टांनी घट्ट आवळलेली ही एक जाडजूड तबकडी. तिच्या कडेवर दातांची रिंग असते. सेल मारला की स्टार्टर त्या दातांत अडकून इंजिन फिरवतो. तिच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट येऊन दाबते. ही झाली जोडकामं. मुख्य काम एकच, फिरत राहणं.

ज्यांनी जात्यावर दळलंय (किंवा आजीला दळताना पाहिलंय) त्यांना हे काम समजावून सांगायला नको. खुंट्याला हाताची खरी ओढ मिळते ती फेऱ्याच्या काही भागातच. उरलेला फेरा वरचा दगड आपल्या वजनाने पुरा करतो. कुंभार काठीने चाक गरगर फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि त्या साठवलेल्या फिरण्यावर मडकं घडवतो. इंजिनातही तेच. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरच्या चार स्ट्रोकांपैकी एकच कमावतो, बाकीचे तीन खातात. (आमच्या एकत्र कुटुंबासारखं. ह.घ्या.) त्या तिघांचा खर्च भागवायला कमाई कुठेतरी साठवावी लागते. शेतावरच्या जुन्या सिंगल सिलिंडर तेल-इंजिनाला ती अवाढव्य चाकं असत, ती याचसाठी. चार सिलिंडर झाले की दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो, बारा झाले की दर ६० अंशांना. धक्के जितके जवळजवळ, तितकं हलकं फ्लायव्हील चालून जातं.

आता हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण माझा भाचा. त्याच्याकडे एक जुनी एस्टीम आहे. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी आणि परत, अधूनमधून रविवारी कुठल्यातरी मोकळ्या मैदानावर शंकू मांडून घड्याळाशी शर्यत. इंजिनावर त्याने पगाराचा मोठा हिस्सा ओतलाय. कॅमशाफ्ट बदलला, हेड पोर्ट करून घेतलं. आधी तो सहा हजार आरपीएमच्या पुढे जात नसे, आता सात हजारांना सहज नेतो. उरलं होतं फ्लायव्हील. ओळखीचा लेथवाला म्हणाला, आहे तेच कातून निम्मं करून देतो, थोडक्यात होईल. मित्र म्हणाले अ‍ॅल्युमिनियमचं मागव. तेव्हा महाशयांनी मला विचारलं, "मामा, सगळ्यात हलकं घेतलं की झालं ना?"

लेथपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला असं विचारलं की दोन दिवस जातात. तसे ते गेले. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. स्थिर वेगाने ओझं लावून मोजलं तर आकडा जिथल्या तिथे. ज्या डायनोवर इंजिन पळवत नेऊन मोजतात तिथे थोडा वाढलेला दिसतो, कारण स्वतः फ्लायव्हीलला पळवण्यात जाणारी ताकद वाचलेली असते. म्हणजे फायदा आहे, पण तो फक्त वेग बदलत असताना आहे.

किती आहे ते बघू. समजा फ्लायव्हील ८ किलोचं, २८ सेंटिमीटर व्यासाचं, सगळीकडे सारख्या जाडीचं. गाडी चालकासकट १००० किलो. पहिल्या गिअरमधे चाक एकदा फिरायला इंजिन १४ वेळा फिरतं आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर असं धरू. हिशोब केला तर त्या गिअरमधे हे ८ किलोचं फ्लायव्हील गाडीवर सुमारे १९६ किलो जादा ओझं लादल्यासारखं वागतं! तीन माणसं मागच्या सीटवर बसावीत तसं. दुसऱ्या गिअरमधे हेच ओझं ६० किलोच्या आत येतं, तिसऱ्यात २८ च्या आसपास आणि पाचव्यात फक्त १२. कारण गिअरचं गुणोत्तर वर्गाने मोजावं लागतं. गुणोत्तर निम्मं झालं की ओझं पाव होतं.

आता त्याच आकाराचं ४ किलोचं बसवा. पहिल्या गिअरमधे ९८ किलो वाचले, म्हणजे पिकअप आठ-नऊ टक्क्यांनी सुधारला. दुसऱ्यात सुमारे तीन टक्के. तिसऱ्यात दीड टक्कासुद्धा नाही. पाचव्यात ६ किलो वाचले, तेवढे तर डिकीतला पसारा काढला तरी वाचतात :-) एक्सप्रेसवेवर पाचव्या गिअरमधे पळणाऱ्या गाडीला हलकं फ्लायव्हील कळणारसुद्धा नाही. जिथे वळणं घट्ट आहेत, पहिला-दुसरा गिअर सतत वापरात आहे, तिथे मात्र ते जाणवतं. भाच्याचे रविवारचे शंकू हे अगदी असंच ठिकाण.

दुसरी गोष्ट, वजनकाट्यावरचा आकडा अर्धवट माहिती देतो. फ्लायव्हीलमधला प्रत्येक किलो मध्यापासून किती लांब आहे याचाही वर्ग धरायचा. कडेला १४ सेंटिमीटरवर असलेला एक किलो हा ७ सेंटिमीटरवरच्या चार किलोंइतका भारी पडतो. म्हणून दोन फ्लायव्हीलं काट्यावर सारखी असूनही एक चपळ आणि दुसरं सुस्त असू शकतं. विकणारा किलो सांगेल, तुम्ही फिरतं जडत्व विचारा. नसेल माहीत त्याला तर निदान कडेला किती जाडी आहे ते डोळ्यांनी बघा. शिवाय प्रेशर प्लेट आणि तिचं कव्हर फ्लायव्हीलबरोबरच फिरतात, त्यांचंही वजन याच खात्यात जमा होतं. फ्लायव्हील निम्मं केलं म्हणून सगळं फिरतं ओझं निम्मं झालं असं होत नाही. पोर्शेच्या कॅरेरा जीटी या गाडीत (२००३ ते २००६) म्हणूनच क्लचचाच व्यास १६९ मिलिमीटरवर आणला होता. इंजिन भुंग्यासारखं चटकन उसळायचं. आणि ती गाडी सिग्नलवरून उचलताना बंद पडते म्हणून तितकीच प्रसिद्ध झाली.

तिसरी गोष्ट हीच, बंद पडणं. वर म्हटलेलं ८ किलोचं फ्लायव्हील ८५० च्या आयडलिंगला फिरत असताना त्यात साधारण ३१० ज्यूल ऊर्जा असते. गणितापुरतं बोलायचं तर टनभराच्या गाडीला ताशी तीनेक किलोमीटरला न्यायला ती जवळपास पुरते. हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता गाड्या याच वेगाने सरकतात! तुम्ही क्लच सोडता तेव्हा गाडीला पहिला धक्का इंजिन देत नाही, ही साठवण देते. ती निम्मी केली की तुमच्या डाव्या पायाची चूक पोटात घालणारं कोणी उरलं नाही. मग आयडलिंग वाढवा, क्लच सोडताना जास्त रेस करा, क्लच लवकर झिजवा. चढावर हाफ क्लचवर उभं राहण्याची सवय असेल तर विचारूच नका.

मोठमोठ्या कंपन्यांनाही या देवघेवीतून सुटका नाही. लेक्ससच्या एलएफए गाडीचं व्ही-१० इंजिन आयडलपासून ९००० आरपीएमपर्यंत ०.६ सेकंदात जायचं. काट्याचा मीटर त्याच्यामागे धावू शकत नाही म्हणून पडद्यावरचा मीटर द्यावा लागला असं कंपनीनेच सांगितलं होतं. २०१६ साली आलेल्या पोर्शे ९११ आर मधे जवळपास ५ किलो हलकं फ्लायव्हील पर्याय म्हणून मिळत असे. ते घेणाऱ्याला आयडलिंगला गिअरबॉक्सचा खुळखुळाट फुकट मिळायचा. फॉर्म्युला वनच्या व्ही-८ जमान्यात (२००६ ते २०१३) फ्लायव्हील म्हणावं असं काही जवळजवळ उरलंच नव्हतं. त्या इंजिनांचं आयडलिंगच चार-पाच हजारांवर असे, कारण त्याच्या खाली ती तग धरत नसत. शर्यतीत ते चालतं. तिथे स्पीडब्रेकर नसतात आणि मागे पीएमटीही नसते.

उलट टोकाला ड्रॅग रेसिंग. सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं. तिथे बरेच जण मुद्दाम जड फ्लायव्हील ठेवतात. आधी इंजिन वर नेऊन फ्लायव्हीलमधे ऊर्जा भरायची आणि क्लच सोडताच ती चाकांवर ओतायची. कुंभाराची काठी आणि ड्रॅगवाल्याचा उजवा पाय, काम एकच. तेव्हा "परफॉर्मन्स म्हणजे हलकं" हे समीकरणही खरं नाही. कुठला रस्ता, कुठला गिअर, किती वेळा थांबायचं, यावर वजन ठरतं.

घाटाचंही थोडं सांगायला हवं, कारण आम्हा सातारा-कोल्हापूरकडच्यांना खंबाटकी चुकत नाही. हलक्या फ्लायव्हीलने गिअर बदलताना इंजिनाचे फेरे भराभर पडतात. हात चटपटीत असेल तर पुढचा गिअर झटकन आणि मऊ पडतो. हात सावकाश असेल तर फेरे नको इतके खाली जातात आणि गाडी झटका खाते. उतारावर गिअर खाली घेताना मात्र हलकं फ्लायव्हील गोड लागतं, ॲक्सिलरेटरला नुसतं टिचकी मारली की इंजिन हवं तिथे येतं.

नव्या गाड्यांत आणखी दोन भानगडी आहेत. इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार बघून कुठला सिलिंडर मिसफायर होतोय ते ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की चढउतार वाढतात आणि काही नसताना चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. दुसरी भानगड म्हणजे दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील. १९८५ पासून ते गाड्यांत येऊ लागलं, आणि डिझेल इंजिनाचे जोराचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. ते काढून एकसंध हलकं बसवलं की ते हादरे थेट गिअरच्या दातांवर जातात. ही अदलाबदल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिन्हींचा विचार करूनच करावी.

आता तव्याकडे येतो.

लेथवाल्याने जे कातून देतो म्हटलं ते मूळ फ्लायव्हील बिडाचं होतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं पीठमीठ. दाबाखाली ते भक्कम, क्लचच्या घासण्याला उत्तम, स्वस्तही. पण ओढलं गेलं की त्याचा भरवसा नाही. पोलादी पळी पडली तर वाकते, बिडाचा तवा पडला तर तडकतो, आधी वाकून सूचना देत नाही. आणि फिरणाऱ्या चाकाचा प्रत्येक कण बाहेर पळायला बघत असतो, म्हणजे चाक सतत ओढलंच जात असतं. २८ सेंटिमीटरचं फ्लायव्हील ७००० आरपीएमला फिरताना त्याच्या कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या घरात असतो. ही ओढही वेगाच्या वर्गाने वाढते. भाच्याने सहा हजारांचे सात हजार केले तेव्हा त्याला वाटलं सतरा टक्केच वाढले. फ्लायव्हीलला मात्र छत्तीस टक्के जास्त सोसायला लागलं. घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर आकडा कुठे जाईल ते तुम्हीच ठरवा.

त्यातून लेथवर खोलवर कातलेलं बीड. जिथे जाडी अचानक कमी होते, जिथे कोपरा टोकदार राहतो, जिथे भोकं पाडून वजन काढलेलं असतं, तिथे ताण गोळा होतो. क्लचच्या उष्णतेने तोंडावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. घर्षणाचं तोंड साफ करायला पातळ हात मारणं वेगळं, अर्धं वजन उतरवणं वेगळं. वर हिशोबाला घेतलेल्या ८ किलोच्या फ्लायव्हीलमधे ७००० ला सुमारे २१,००० ज्यूल भरलेले असतात. टनभराची गाडी ताशी २३ किलोमीटरने भिंतीवर आदळावी इतके. आडव्या बसवलेल्या इंजिनात हे चाक गाडीच्या लांबीच्या रेषेतच फिरतं. ते फुटलं तर तुकड्यांना मागे यायला वाट आहे, आणि मागे माणसांचे पाय आहेत. त्या गाडीत रविवारी शंकू असतात, पण गणपतीला गावी जाताना शेजारी माझी ताई असते.

शर्यतीच्या दुनियेने ही किंमत मोजलेली आहे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या ड्रॅगस्टरचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हा चालक इंजिनाच्या मागे, फिरत्या भागांच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. बरा होत असताना त्याने इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा आराखडा पक्का केला, १९७१ साली तशी गाडी घेऊन जिंकू लागला आणि थोड्याच वर्षांत अव्वल वर्गातले सगळे तशाच गाड्या बांधू लागले. तिथे फुटलं ते ट्रान्समिशन होतं, पण धडा त्या सगळ्या टापूलाच लागू आहे. आज अमेरिकेत एसएफआय १.१ या नावाचं मानक फ्लायव्हील आणि क्लचसाठी आहे आणि अनेक शर्यतींत त्या शिक्क्याशिवाय गाडी उतरवू देत नाहीत.

मग घ्यायचं काय? अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात हलकं. पण ते मऊ, क्लच थेट त्यावर घासू शकत नाही, म्हणून घर्षणाच्या जागी पोलादी चकती बसवलेली असते. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे त्या चकतीची जोडणी चांगल्या हातची हवी आणि ती अधूनमधून तपासायला हवी. रोज हाफ क्लचवर तापणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही. अखंड पोलादातून कातलेलं फ्लायव्हील थोडं जड आणि महाग, पण ताणाला दणकट, आणि तोंड झिजलं तर पुन्हा साफ करता येतं. कुठलंही घ्या, क्लच कव्हरसकट बॅलन्स करून घ्या, रिंग गिअरचे दात मूळ स्टार्टरशी जुळतात का ते मोजा आणि क्रँकचे बोल्ट नवे वापरून सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी फुकट नसते.

भाच्यासमोर सगळे आकडे ठेवले. आठवडाभर गप्प होता. मग त्याने पोलादी घेतलं, मूळच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं. निम्म्याचा हट्ट सोडला. लेथवाल्याला नाही म्हणायला त्याला अवघड गेलं, ओळखीचा माणूस. पण ते नाही त्याने स्वतः सांगितलं, मामाचं नाव पुढे केलं नाही, याचं मला जास्त बरं वाटलं. ताई, तू हे वाचत असशीलच. पोराच्या डोक्यात गाड्यांचं वेड आहे, पण तो हिशोब ऐकतो.

एवढी वर्षं लोखंडात काढल्यावर मला एक दिसलंय. तरुणपणी यंत्रातलं सगळं वजन आपल्याला वैरी वाटतं. जे वेगाच्या आड येतं ते काढून टाकावं. हळूहळू कळतं की काही वजन नुसतं बसून खातं आणि काही वजन तीन स्ट्रोकांचा खर्च भागवत असतं. काट्यावर दोन्ही सारखीच दिसतात. लेथवर चढवायच्या आधी तेवढं विचारून घ्यावं, हा किलो नक्की काय काम करतोय? कातलेलं बीड परत चिकटवता येत नाही.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कोणी फ्लायव्हील बदललं असेल तर किती किलोचं आणि कुठल्या रस्त्यासाठी, ते जरूर कळवा. आकडे आवडतात मला, एव्हाना लक्षात आलंच असेल :-)